बोळकीचे सात दात

तिला सगळे कवळीताई म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तिला कधी पाहिलेलंही नव्हतं. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना पुढे होता. तिथे मऊ खुर्च्या, मासिकं, माशांची काचपेटी. तिची खोली मागे, बोळातून वळून, जिन्याखाली. त्या खोलीत प्लॅस्टरची पोती, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, निळ्या ज्योतीचा बर्नर, धातू ओतायचं यंत्र आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. प्रत्येक जबड्याखाली चिठ्ठी. पेशंट पुढच्या दाराने येऊन डॉक्टरांसमोर ‘आ’ करायचे, माप मागे यायचं आणि आठ-दहा दिवसांनी दात पुढे जायचे. पेशंट आरशात बघून हसायचा आणि डॉक्टरांचा हात हातात घ्यायचा. अठ्ठावीस वर्षं हे असंच चाललं होतं. तिला त्याचं वाईट वाटायचं असंही नाही. “तुझं काम ओळखू आलं तर ते बिघडलं समज,” असं तिला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि तिचं काम कुणाला ओळखू येत नसे.

लग्न केलं नव्हतं. का केलं नाही याची तीन-चार उत्तरं तिच्याकडे तयार असत. विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यातलं एखादं द्यायची. वडिलांच्या घरात वरच्या दोन खोल्या तिच्या, खाली दादा आणि वहिनी. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, विमा कचेरीतून निवृत्त झालेला. कुठलीही गोष्ट कशी अंगाशी येईल हे त्याला सगळ्यात आधी दिसायचं, आणि ते सांगितल्याशिवाय त्याला राहवायचं नाही.

ती बावन्न वर्षांची असताना धातू ओतायच्या यंत्राची मोटर जळली. डॉक्टर म्हणाले, “बघा ना कुठे जुनी मिळते का.” म्हणून ती भंगारवाल्याच्या वखारीत गेली. मोटर मिळाली. पण परत फिरताना पत्र्यांच्या ढिगाखाली तिला एक तोंड दिसलं.

तोंडच होतं ते. गोल, मोठे, जरा भाबडे असे दोन दिवे आणि मध्ये उभ्या पट्ट्यांची रुंद जाळी. त्या पट्ट्यांतल्या मधल्या सात गायब. वाकून बघितल्यावर मागची गाडी दिसली. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची, वर टप नाही, दारं कमरेच्याही खाली. गंजाच्या आत कुठेकुठे गडद हिरवा रंग शिल्लक होता. चाकांना सायकलसारख्या तारा होत्या.

“ही कसली?” तिने विचारलं.

“ब्रिटिश. स्पोर्ट्स कार म्हणतात,” भंगारवाला म्हणाला. “साठ वर्षांपूर्वीची. कंपनी कधीच बंद पडली. पार्ट मिळत नाहीत, टप नाही, सीट नाहीत. उद्या कापायची आहे.”

“उद्या नको.”

“मग कधी?”

“कापूच नको. मी नेते.”

भंगारवाल्याने आधी तिच्याकडे आणि मग तिच्या पाठीमागे बघितलं, कोणी माणूस बरोबर आहे का म्हणून. नव्हता.

आपण ते का बोललो, हे तिला पुढे अनेकांनी विचारलं. तिचं उत्तर सोपं होतं. सात दात गेलेलं तोंड पुन्हा भरता येत नाही असं कोणी म्हणायचं, आणि आपण ऐकून घरी जायचं, हे तिला जमलं नाही.

गाडी दोरीने ओढत घरी आली तेव्हा दादा फाटकात उभा होता.

“हे काय बोळकं आणलंस?”

“बोळकं नाही, बोळकी,” ती म्हणाली. “गाडी आहे ती.”

नाव तिथेच पडलं.

“अगं, या वयात माणसं गुडघ्यांचं बघतात. तुला चालवता तरी येते का?”

“शिकेन.”

“आणि दुरुस्त कोण करणार?”

“तेही शिकेन.”

दादाने हात वर केले आणि आत गेला. वहिनीने एवढंच विचारलं, “वन्सं, मी चादरी कुठे वाळत घालू आता?” कारण अंगणातली ती एकच उन्हाची जागा होती. पहिले काही महिने वहिनी रागाने ओल्या चादरी बोळकीवरच पसरायची. कवळीताई काही न बोलता त्या उचलायची आणि तिने उचलल्या की वहिनी पुन्हा पसरायची.

इंजिनाच्या बाबतीत तिला गुरू मिळाले ते फिटरकाका. दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. चाळीस वर्षं गॅरेजमध्ये काढलेली आणि आता दोन्ही हात थरथरायचे. चहाचा कप धरायचा तरी दोन हातांनी. एका रविवारी ते काठी टेकत आले, बोळकीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “मी हात लावणार नाही पोरी, हे आधीच सांगतो. मी बोलणार, तू करायचंस. शिव्या दिल्या तर मनावर घ्यायच्या नाहीत.”

बावन्नाव्या वर्षी तिला पोरी म्हणणारं ते एकच माणूस उरलं होतं. तिने तेही मनावर घेतलं नाही.

पहिला धडा पान्यांचा. तिने बाजारातून आणलेला नवाकोरा सेट एकाही नटाला धड बसेना. कुठे सैल, कुठे बसतच नाही. “इंचांची मापं आहेत ही,” काका म्हणाले. “आणि त्यातसुद्धा एक जुनं, एक नवं. साहेबलोकांनाच माहीत, काय डोक्यात होतं.” दुसरा धडा बॅटरीचा. सगळ्या गाड्यांत मायनसची वायर बॉडीला, हिच्यात प्लसची. मधल्या कुठल्यातरी मालकाने ते न बघता बॅटरी जोडली होती आणि निम्म्या वायरी जाळून ठेवल्या होत्या. “उलट्या डोक्याची गाडी आहे,” काका म्हणाले आणि तिच्याकडे बघून खुदकन हसले. “बरोबर घरी आलीय.”

सकाळी कामाला जायच्या आधीचे दोन तास आणि रविवार, असं तिचं चालायचं. इंजिन उघडलं, झडपा बाहेर काढल्या, त्या पेस्ट लावून घासल्या. झडप जागेवर चोख बसते की नाही हे कसं बघायचं, असं तिने विचारलं. काका म्हणाले, निळा रंग येतो एक, तो लावून फिरवायचं, सगळीकडे सारखा उठला म्हणजे बसली. ती वर गेली आणि एक डबी घेऊन आली. त्यात पातळ निळे कागद होते. कवळीचे वरचे आणि खालचे दात नीट टेकतात का हे बघायला पेशंटच्या दातांत धरतात, ते. तिने एक कागद झडपेच्या कडेवर घासला, झडप बसवून फिरवली आणि बाहेर काढली. निळ्या कड्यात एका ठिकाणी केसाएवढी फट होती.

काकांनी वाकून ती फट बघितली. “चाळीस वर्षांत,” ते म्हणाले, “इतकं बारीक मी कुणाला दाखवता आलेलं पाहिलं नाही. घास अजून.”

पार्ट परदेशातून मागवता येत होते, पण तिच्या आवाक्यातले थोडेच. उरलेले ती करायची. दाराची कुलपाची जीभ, कार्बोरेटरचा तुटलेला दांडा, काच वर-खाली करायच्या हँडलची मूठ. आधी मेणात कोरायचं, पांढऱ्या लगद्यात पुरायचं, भट्टीत मेण वितळून जाऊ द्यायचं आणि त्या पोकळीत धातू फिरवून ओतायचा. सोन्याची दाढ करायची तशीच रीत, फक्त सोन्याच्या जागी कासं. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते भुवया चढवून मागच्या खोलीत आले.

“यंत्र दवाखान्याचं आहे, ताई.”

“मोटर मी आणून बसवलीय, डॉक्टर. मोटर काढून घेऊ?”

डॉक्टर माशांकडे परत गेले.

सात दातांना मात्र तिने सगळ्यात जास्त वेळ दिला. शाबूत असलेल्या पट्टीचं माप तिने त्याच गुलाबी लगद्याने घेतलं, ज्याने लोकांच्या जबड्याचं घेतात. पट्ट्या दिसायला सरळ, पण प्रत्येकीचा बाक शेजारणीपेक्षा किंचित वेगळा. पितळेच्या जाड पट्टीतून कानशीने एकेक काढायची, लावून बघायची, पुन्हा काढायची. शेजारून जाणारे लोक थांबून विचारायचे, “ताई, गाडीला कवळी का?” ती म्हणायची, “हो. तुमचं पण तोंड बघून ठेवलंय, घाई करू नका.”

अशी चार वर्षं गेली आणि दादाचा धीर सुटला.

त्या दिवशी ती कामावर होती. फिटरकाकांनी दवाखान्यात फोन केला, “पोरी, तुझ्या दारात टेम्पो उभा आहे, भंगारवाल्याचा. लवकर ये.” हातातला जबडा तसाच फळीवर टाकून ती अ‍ॅप्रनसकट धावत सुटली. काय दिसेल याची तिने रस्ताभर तयारी केली होती. जे दिसलं त्याची मात्र केली नव्हती.

टेम्पो होता. दोन माणसं साखळी घेऊन उभी होती. दादा लालबुंद होऊन फाटकाशी होता. आणि बोळकीत, सीट नव्हतीच म्हणून उलट्या बादलीवर, वहिनी बसली होती. मांडीवर ओल्या चादरींची टोपली. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

“उचला म्हणते ना,” वहिनी त्या माणसांना सांगत होती. “माझ्यासकट उचला. मोजून घ्या वजन.”

“अगं, तू रोज हिच्या नावाने बोटं मोडतेस!” दादा ओरडला.

“मोडते. माझी बोटं आहेत.” वहिनीने मान वळवली. “मी बाळंतपणाला गेले होते तेव्हा माझं विणकामाचं मशीन तुम्ही कुणाला देऊन टाकलंत? मला विचारलं होतंत? जागा अडते म्हणालात. तीस वर्षं झाली, त्या जागेवर तुमची आरामखुर्ची आहे. आज वन्सं घरी नाहीत बघून टेम्पो बोलावलात. त्या वेळी मला मशीनवर येऊन बसता आलं नाही. आज बसले.”

साखळीवाल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि साखळी गुंडाळायला लागले. दादा आत निघून गेला. दार आपटलं नाही त्याने, हळू लावलं, आणि तेच जास्त लागलं सगळ्यांना.

कवळीताई बोळकीशेजारी उभी राहिली. “वहिनी, उतरा आता,” ती म्हणाली. “बादली गंजलेली आहे.”

“जरा बसू दे,” वहिनी म्हणाली. “पुढचं नाक केवढं लांब आहे हो हिचं. बाहेरून कळत नाही.”

त्या महिन्यात कवळीताईने वहिनीला जुनं शिवणयंत्र आणून दिलं, जाड कापड घेणारं. वहिनीने बोळकीचा टप शिवला. मूळचा टप रेक्झिनचा असायचा. वहिनीने जाड सुती ताडपत्री घेतली, आतून अस्तर लावलं आणि प्रत्येक शिवण दोनदा घातली. सीटसुद्धा तिनेच भरल्या. दादा या काळात दोघींशी जेवढ्यास तेवढं बोलायचा, पण टेम्पो पुन्हा आला नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तो रविवार होता. किल्ली फिरवली की आधी मागून पेट्रोलच्या पंपाची टिकटिक यायची, घड्याळासारखी, आणि पंप भरला की थांबायची. टिकटिक थांबली. काकांनी काठी उचलली. तिने बटण दाबलं. बोळकी खोकली, एक काळा ढग वहिनीच्या धुतलेल्या चादरींवर सोडला आणि धडधडायला लागली. काकांनी थरथरणारा पंजा बॉनेटवर ठेवला. गाडीच एवढी थरथरत होती, की हात स्थिर वाटायला लागला.

“एक कमी-जास्त नाही,” ते म्हणाले. “चारही सिलिंडर बोलतायत.”

त्याच वर्षी हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या क्लबने मेळावा ठेवला. सकाळी मैदानावर परीक्षण, मग डोंगरमाथ्यापर्यंत घाटातून फेरी आणि वर बक्षिसं. कवळीताई तोवर गाडी चालवायलाही शिकली होती; तिने अर्ज भरला. काकांना बरोबर चला म्हटलं, तर ते म्हणाले, “मला दर अर्ध्या तासाला थांबावं लागतं. तुझी गाडी बरी, असं म्हणायची वेळ येईल.” मग वहिनी निघाली, डोक्याला निळा रुमाल बांधून.

मैदानावर चाळीसेक गाड्या ओळीने उभ्या होत्या, आरशासारख्या. मालक मऊ फडक्याने आधीच चकचकीत असलेलं पुन्हा पुसत होते. कवळीताईने बोळकी रांगेत लावली आणि पुढच्या काचेवर एक मोठा कागद चिकटवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘या गाडीत मूळचं नसलेलं आणि आम्ही केलेलं’. खाली एकतीस वस्तू, क्रमाने. कुलपाची जीभ. कार्बोरेटरचा दांडा. जाळीच्या सात पट्ट्या. टप आणि सीट: वहिनी. झडपांची अक्कल: फिटरकाका.

क्लबचे अध्यक्ष वही घेऊन आले. सत्तरीचे, ताठ, पांढऱ्या मिशा, सात गाड्यांचे मालक. त्यांनी बोळकीभोवती फेरी मारली, ओणवे झाले, जाळीजवळ नाक नेलं.

“मालक कुठे आहेत?”

“मीच.”

“नाही, म्हणजे काम कुणाकडून करून घेतलंत?”

“तेही मीच.”

अध्यक्ष हसले. चांगलंच, मोकळं हसू होतं ते. आणि कवळीताईला त्यांची वरची ओळ दिसली. डावीकडे, सुळ्याच्या शेजारचा दात किंचित आत वळलेला. त्या दातावर तिने तीन वेळा काम केलं होतं. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहून पाठवलं होतं, ‘पेशंटची इच्छा: अगदी सरळ नकोत. स्वतःचे वाटावेत.’ नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. माणूस तिने आज पहिल्यांदा पाहिला, पण तोंड तिचंच होतं.

“मेहनत आहे, नाही म्हणत नाही,” अध्यक्ष म्हणाले. “पण या पट्ट्या ओरिजिनल नाहीत. मूळच्या पातळ पत्र्याच्या असतात. टप तर सरळसरळ ताडपत्रीचा आहे. आमचा क्लब ओरिजिनल गाड्यांचा आहे, बाई. अस्सल म्हणजे अस्सल. नकली भाग घातलेली गाडी रांगेत ठेवली तर बाकीच्यांवर अन्याय होतो.”

उत्तर तिच्या जिभेवर आलं. सगळं तयार होतं, शब्दन् शब्द. नुसतं तोंड उघडायचा अवकाश, आणि चाळीस गाड्यांच्या मालकांना जन्मभर पुरेल एवढं हसू झालं असतं. वहिनी तिच्याकडे बघत होती.

तिने ते गिळलं. फळीवरच्या चिठ्ठ्यांवरची नावं तिने कधी घरीसुद्धा नेली नव्हती. मैदानावर कुठून नेणार?

तिला गप्प बघून अध्यक्षांना वाटलं असावं, बाईला वाईट वाटलं. ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “एक सुचवू का? हा कागद काढून टाका. कुणी एवढं खोलात जाऊन बघत नाही. दिसायला गाडी छान आहे. मीही शेरा मारत नाही. राहू दे रांगेत.”

“म्हणजे नकली चालेल, फक्त सांगायचं नाही?”

“असं कोण म्हणतंय? मी तुमच्या भल्यासाठी—”

“तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते,” कवळीताई म्हणाली. आवाज तिने चढवला नव्हता. आजूबाजूचे दोघे-तिघे फडकं हातात धरून ऐकायला लागले होते. “मी कवळ्या बनवते. तेहतीस वर्षं झाली. जे केलं ते दिसू नये, कुणाला कळू नये, हेच माझं कसब. ते मी नीट केलं, आणि कुणाचं कधी उघडं पाडलं नाही. पाडणारही नाही. पण ही गाडी मी कुणाच्या तोंडात घालायला केलेली नाही. ही मी उघड्यावर केलीय. कागद राहणार.”

‘कवळ्या’ या शब्दाला अध्यक्षांचा हात मिशीवर गेला होता. तो तिथेच राहिला. त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

“मग मला शेरा मारावा लागेल,” ते हाताआडून म्हणाले.

“मारा की. नियम तुमचा आहे, पाळा. कागद माझा आहे, तो मी पाळते.”

त्यांनी वहीत ‘अपात्र’ लिहिलं. एका कार्यकर्त्याने बोळकीला रांगेतून काढून पाण्याच्या टाकीमागे लावायला सांगितलं.

“वन्सं, तुम्ही काहीतरी गिळलंत मघाशी,” टाकीमागे आल्यावर वहिनी म्हणाली. “मी बघितलं. चांगलं मोठं होतं.”

“होतं.”

“सांगा ना.”

“नाही.”

वहिनीने पुढे कितीदा विचारलं, पण तिने सांगितलं नाही.

झेंडा पडला आणि गाड्या एकेक करत, छातीवर नंबर लावून, घाटाकडे निघाल्या. शेवटची गेल्यावर कवळीताईने किल्ली फिरवली. कार्यकर्ता धावत आला. “ताई, तुम्हाला नंबर नाही. तुम्हाला जाता येणार नाही.”

“रस्ता क्लबचा आहे का?”

“नाही, पण—”

“मग आम्ही फिरायला चाललोय. सरक बाजूला, पायावरून जाईल.”

घाटात टप खाली केला. लांब नाक एकेका वळणातून वळत होतं आणि बूड जमिनीपासून एवढं जवळ होतं की खडीचा प्रत्येक दगड ओळखीचा होत होता. वहिनीने आधी दार घट्ट धरलं, मग काच, आणि चौथ्या वळणानंतर काहीच धरलं नाही. सहाव्या वळणाला तिचा रुमाल उडाला. “जाऊ दे!” ती वाऱ्यात ओरडली आणि हसत सुटली. तीस-पस्तीस वर्षांत कवळीताईने तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

नवव्या वळणाला तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. गाडी कडेला घेतली. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे काकांनी शिव्यांसकट शिकवलेलं होतं, म्हणून दोघी कठड्यावर बसून राहिल्या. तापमान उतरलं, पाणी घातलं, निघाल्या. बाराव्या वळणाला पुन्हा तेच. माथ्यावर पोचल्या तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि माणसं खुर्च्या घड्या करत होती. एकाने त्यातल्या दोन परत उघडून दिल्या. दोघींनी चहा घेतला, पलीकडची दरी बघितली आणि खाली आल्या.

दादा फाटकात उभा होता.

“किती वेळा बंद पडली?”

“बंद नाही. तापली. दोनदा.”

“म्हटलं नव्हतं मी?” दादा म्हणाला. त्याला ते ऐकून बरं वाटलं हे उघड दिसत होतं, आणि त्याला इतक्या दिवसांनी बरं वाटलेलं बघून तिलाही वाटलं. तो बोळकीत आजतागायत बसलेला नाही. पण तिच्यावर रात्री दव पडतं म्हणून एकदा बडबडत होता, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात पत्र्याची शेड घालायला माणूस आला.

मैदानावर कुणीतरी त्या कागदाचा फोटो काढला होता. तो फिरला. महिन्याभरात एक अनोळखी माणूस पुडीत गुंडाळलेला दाराचा तुटका खटका घेऊन आला. मग दुसरा, काच चढवायच्या दातेरी चाकासाठी. अर्धे त्याच अस्सल गाड्यांच्या रांगेतले. अट तिची एकच असे. वस्तू तिने केली, तर तिच्यावर छोटी खूण ठोकणार, आणि ती दिसेल अशा जागी. बहुतेक जण आधी कुरकुरले, मग हो म्हणाले.

अध्यक्षांचा मेकॅनिकही आला, एका गाडीच्या दाराचं मोडकं हँडल घेऊन. “साहेब म्हणतात, खूण आतल्या बाजूने चालेल का? बाहेरून दिसायला नको.”

“दातांच्या कामाला चालेल,” ती म्हणाली. “ते दवाखान्यात, डॉक्टरांमार्फत. गाडीच्या कामाला नाही.”

मेकॅनिक हँडल पुडीत परत गुंडाळून गेला. पुन्हा आला नाही. तिनेही वाट बघितली नाही.

दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला, पुन्हा तोच कागद लावला, पुन्हा ‘अपात्र’. फेरी मात्र पुरी केली. मधल्या काळात रेडिएटर सोडवून साफ केल्यामुळे काटा लाल रेघेच्या दोन बोटं खालीच राहिला. तिसऱ्या वर्षी टाकीमागे बोळकी एकटी नव्हती. शेजारी आणखी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या, दोन्हींच्या काचेवर कागद. एकाच्या कागदात आठ वस्तू होत्या, दुसऱ्याच्या तीन. तीनवाला जरा ओशाळला होता. “हळूहळू वाढेल,” कवळीताईने त्याला धीर दिला.

आता ती दवाखान्यातून निवृत्त झाली आहे. परवा चौथा अर्ज भरताना वहिनी शेजारी बसून यादी वाचून दाखवत होती. एकतीसच्या एक्केचाळीस झाल्या आहेत.

“वन्सं, कागद पुरत नाही आता. अक्षर बारीक काढू?”

“बारीक कशाला?” कवळीताई म्हणाली. “मोठा कागद आणा.”